आमचा शंकासुर

माझी खोली आणि लेकीचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत म्हणावी असं काही नाही. दोन पातळ फळ्या आणि वर रंग. तिथे कान लावावे लागत नाहीत, उलट झाकून घ्यावे लागतात. यजमान गेल्यावर मी लेकीकडे राहायला आले, त्याच सुमारास ऐकलेलं हे भांडण.

"हसतोस काय? तू हसतोस काय?" लेक म्हणत होती.

"हसत नाहीये. विचारतोय. तू ते दाबलंस कशाला?"

"पार्सल अडकलंय, पत्ता पक्का करा, असं लिहिलं होतं! मी शिलाईचे दोरे मागवलेत हे तुला चांगलं माहीत होतं."

"चोरालाही माहीत असू शकतं."

"चोर असता तर परवडलं असतं रे. चोर निदान समोर बसून चहा पीत मजा बघत नाही."

भांडं आपटलं. मग जावयाचा तो हळू, समजुतीचा आवाज, ज्यानं माणसाला जास्तच चीड येते. "अगं, ऑफिसात मी सगळ्यांना असे खोटे निरोप पाठवतो. कोण फसतं ते बघतो आणि मग त्यांना शिकवतो. कामच आहे ते माझं. घरच्यांना तेवढं सोडलं, तर चोर घरातूनच येईल."

"तू नवरा म्हणून आलायस की सापळा म्हणून? शंकासुर आहेस तू, नुसता शंकासुर!"

मी इकडे उशीत तोंड घालून हसत होते. पुढे सगळा दिवस दोघं एकमेकांशी बोलेनात. "आई, त्याला सांग, चहा झालाय." "आई, तिला सांगा, मला ऐकू आलंय." मी आपली मध्ये टेलिफोन झाले होते.

नाव मात्र चिकटलं. त्याच्या ऑफिसात एकच माणूस त्याला दोस्त म्हणण्यासारखा होता, पाळीत त्याच्या शेजारी बसणारा. आम्ही त्याला जोडीदार म्हणायचो. त्याच्या कानावर हे नाव गेलं आणि मग तोही फोनवर "शंकासुर आहेत का घरी?" असंच विचारायला लागला. जावई चिडला नाही. त्याला चिडता येत नव्हतं, हाही त्याचा एक दोषच. समोर मी त्याला शेवटपर्यंत अहोजाहो केलं, पण मनातून तो केव्हाच मुलगा झाला होता, म्हणून इथे 'तो' म्हणते.

त्याचे आईबाप लहानपणीच गेले. काकूनं वाढवलं. काकू वाईट नव्हती, पण केलेलं बोलून दाखवायची सवय होती तिला. शिक्षण अर्धवट टाकून तो ऑफिसांत वायरी ओढायच्या कामाला लागला. शिडीवर चढायचं, छताची पाटी सरकवायची, धुळीत डोकं खुपसायचं आणि या खोलीतून त्या खोलीत वायर न्यायची. हातांवर त्या कामाचे ओरखडे कायमचे राहिले. वायरी ओढता ओढता, त्या वायरीतून काय जातं ते शिकला, मग कोणी काय चोरतं ते शिकला, परीक्षा दिल्या आणि खुर्चीवर बसला. खुर्ची मिळाली तरी सवय गेली नाही. कोणाच्याही घरी गेला की टीव्हीच्या मागे गुंतलेल्या वायरींकडे त्याची नजर जायची. लेकीला बघायला आमच्याकडे आला, तेव्हा सगळे बैठकीत, आणि हा कुठे दिसेना. यजमान म्हणाले, "मुलगा पसंत आहे, पण आहे कुठे?" टीव्हीमागे गुडघ्यांवर बसून वायरी बांधत होता. वर येऊन म्हणतो, "माफ करा, राहवलं नाही."

मी एकदा विचारलं, "जावईबापू, तुम्ही नक्की करता काय?"

"राखण करतो, आई."

"कशाची?"

"कंपनीचे सगळे कागद, फोटो, लोकांची माहिती हल्ली आपल्या कपाटात नसते. लांब कुठेतरी दुसऱ्याच्या मोठमोठ्या मशीनमध्ये असते. क्लाउड म्हणतात त्याला. म्हणजे ढग."

"ढगात कागद ठेवायचे आणि मग भिजले म्हणून रडायचं?"

तो हसला. त्याचं हसणं दुर्मीळ होतं, म्हणून लक्षात आहे. "ढग म्हणायला. खरं तर दुसऱ्याचं कोठार आहे. किल्ल्या आपल्याकडे. कोणाकडे कुठली किल्ली, कोणी दार कधी उघडलं, कुठून उघडलं, हे सगळं पडद्यावर ओळीनं येत राहतं. मी त्या ओळी बघतो."

"आणि चोर दिसतो?"

"बहुतेक वेळा मांजर असतं."

हे मांजर म्हणजे काय ते तो घरून काम करायचा तेव्हा मला कळलं. त्याच्या टेबलावर दोन पडदे. एखादी ओळ लाल व्हायची आणि हा पुढे वाकायचा. कोणी पासवर्ड विसरून दहा वेळा चुकीचा टाकलेला असायचा. कोणी सुट्टीला परदेशी जाऊन तिथून ऑफिसचं काम उघडलेलं असायचं. हा फोन करून खात्री करायचा, दोन वाक्यं लिहायचा, ती ओळ बंद करायचा, आणि म्हणायचा, "परत बघू." बंद केलेलं पुन्हा एकदा उघडून बघायचं, खरंच बंद झालंय का. ते झाल्यावरच चहाला हात. चहा तोवर गारढोण.

एकदा खरा चोर आला होता. एकच साहेब एकाच वेळी दोन गावांतून आत शिरलेला दिसला. यानं दोन्हीकडची दारं लावून टाकली आणि साहेबाला फोन केला. साहेब केस कापायला बसलेला. वरचे लोक यालाच रागावले, साहेबाचं काम खोळंबलं म्हणून. पुढे कळलं की पलीकडच्या गावात बसलेला तो साहेब नव्हताच. मी म्हटलं, "मग तुमचं कौतुक केलं असेल." तो म्हणाला, "आमच्या कामात नाव झालं, आई, तर समजायचं काहीतरी बुडालंय. काही झालंच नाही, तर कौतुक कशाचं करणार?"

कौतुक नव्हतं, आणि माणसंही नव्हती. ज्यांना खोटे निरोप पाठवून फसवायचं, त्यांच्याच पंगतीला जेवायला बसायचं म्हणजे कठीण. फसलेल्यांना तासभर वर्गात बसावं लागायचं. मोठमोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी बाकावर, आणि फळ्याशी हा. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये हा बसला की टेबल रिकामं. जोडीदार तेवढा डबा घेऊन समोर यायचा. लेक एकदा म्हणाली, "जरा गोड वागावं माणसानं." तो म्हणाला, "गोड वागणारेच आधी फसतात गं." असा माणूस. पण रात्री झोपण्याआधी माझ्या खोलीच्या दारात उभं राहून "आई, पाणी आहे ना उशाशी?" हे विचारायला एक दिवस चुकला नाही.

मग ती हिशेबनीस बाईंची गोष्ट झाली. त्याच्याच ऑफिसातल्या. वयानं मोठ्या, कामात चोख. त्यांना मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेबांचाच आवाज, तीच खोकायची ढब. "मी बाहेर अडकलोय, तुमच्या फोनवर एक आकडा आलाय तो वाचा." बाईंनी वाचला. आवाज मशीननं बनवलेला होता. कोणीतरी साहेबांची भाषणं ऐकवून मशीनला तो आवाज शिकवला होता. आत जे शिरायचं ते शिरलं. दोन दिवस हा घरी आला नाही, दारं लावत बसला होता. बाईंनी नोकरी सोडली. जाताना याला म्हणाल्या, "तुमचे खोटे निरोप मी कधीच उघडले नाहीत हो. आवाज होता, म्हणून..."

घरी आला तो पार उतरलेला. जेवताना म्हणाला, "आवाजावर आता भरवसा नाही. कोणाच्याच."

त्या दिवशी घरात नियम आला. परक्या नंबरवरून फोन आला आणि ओळखीचा आवाज म्हणाला, मी अडकलोय, पडलोय, हरवलोय, तर एक अक्षर पुढे ऐकायचं नाही. फोन कट करायचा. मग आपल्याकडे त्या माणसाचा जो नंबर आहे, त्यावर आपण उलटा फोन करायचा. तो लागला नाही तर ऑफिसच्या पाळीच्या नंबरावर. तिथे सदा कोणीतरी बसलेलं असतं. आलेल्या त्या परक्या नंबरावर मात्र चुकूनही नाही.

"आणि तूच असलास तर?" लेकीनं विचारलं.

"मी असलो तरी."

मी म्हटलं, "त्यापेक्षा एखादा गुपित शब्द ठरवू या. तो सांगितला की ओळखायचं."

"शब्द कोणीही ऐकतो, आई. तुम्हीच उद्या शेजारणीला सांगाल."

खरं होतं ते. मी सांगितला असता.

मग सराव. तो ऑफिसातल्या कोणाकोणाच्या फोनवरून घरी फोन करायचा आणि रडवेला आवाज काढायचा. माझ्यावर पहिली वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "आई, मी पोलीस चौकीत आहे हो." मी म्हटलं, "अगंबाई, आवाज किती बसलाय तुमचा, गरम पाणी मागा तिथे." पलीकडे तो आणि जोडीदार दोघंही खो खो हसायला लागले. मी नापासच. नात तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. तिला तर खेळच सापडला. ती सगळ्यांचेच फोन कट करायची, तिच्या बाईंचासुद्धा. पण लेक तयार झाली. "अगं, ऐक" एवढं ऐकलं की टक्. एकदा त्यानं आजारी असल्याचं इतकं बेमालूम सोंग केलं की मी चपला शोधायला उठले. तिनं तरीही कापला, उलटा लावला, आणि म्हणाली, "घरी येताना साबण आण." सुरुवातीला ती चिडायची, पुढे तिलाही त्यात ईर्ष्या वाटायला लागली. नवरा-बायकोचं असं काहीतरी असतंच. कोणी पत्ते खेळतं, कोणी भांडतं. यांचं हे.

त्या दिवशी तो गावाबाहेरच्या शाखेत गेला होता, दुचाकीवरून. तिथली नेटवर्कची पेटी बदलायची होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला हा तयार नव्हता. दुपार होती. लेक मशीनवर बाही जोडत होती, मी शेजारी बसून दोरे कापत होते. फोन वाजला. तिचे हात गुंतलेले, म्हणून तिनं स्पीकरवर घेतला.

"अगं, ऐक. मी बोलतोय. घाबरू नकोस, हा दुसऱ्याचा फोन आहे. मी रस्त्यावर पडलोय, मला..."

टक्.

"कट केलास?" मी म्हटलं.

"केला." तिनं बाही पुन्हा सुईखाली धरली आणि तशीच थांबली. "आई, किती हुबेहूब होता गं आवाज. 'ऐक' म्हणायची पद्धतसुद्धा त्याचीच. कसं करतात मेले!"

मग तिनं नियमाप्रमाणे त्याच्या नंबरावर लावला. वाजत राहिला. कोणी उचलला नाही. "गाडीवर असेल," ती म्हणाली. ऑफिसच्या पाळीचा लावला. तिकडे कोणीतरी बोलत होतं. परत त्याचा. परत ऑफिसचा. तो अजून अडकलेलाच.

मी म्हटलं, "अगं, आत्ता आला होता त्याच नंबरावर लाव ना."

"आई! तेच तर करायचं नाही. चोराच्या दारात जाऊन, चोर घरात आहे का, असं विचारायचं का?"

तिचं चुकत नव्हतं. पण बाहीचं कापड जमिनीवर पडलं होतं ते तिला दिसलंही नाही. मग तिचा फोन वाजला. जोडीदाराचं नाव आलं. तो "वहिनी" म्हणाला, आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. पुढे काही ऐकायची गरज उरली नाही. पोटात आतल्या आत रक्त गेलं होतं. बाहेरून फारसं दिसत नव्हतं म्हणे.

माणूस गेल्यावर घरात खूप माणसं येतात आणि त्यातली निम्मी काही ना काही टोचून जातात. काकू आली. रडली, खरंच रडली, तिनं वाढवलेलं पोर ते. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढ्या वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा आवाज ओळखला नाहीस?"

लेक जमिनीकडे बघत म्हणाली, "ओळखला होता, काकू. म्हणून तर कापला."

काकूला ते कळलं नाही. कोणालाच कळलं नसतं. त्या घरात राहिलेल्यालाच कळावं असं ते होतं.

नंतर जोडीदार आला. बाकी कोणी नाही असं बघून आला. बराच वेळ कपाची किनार पुसत बसला. मग म्हणाला, "वहिनी, तुम्ही ऑफिसला फोन लावत होतात तेव्हा लाइनवर तोच होता. माझ्याशीच बोलत होता."

"काय बोलत होता?"

"पडल्यावर फोन कुठे उडाला ते सापडत नाही, लॅपटॉपची बॅग रस्त्यात पडलीय, कोणी उचलायच्या आत दोन्ही तिथून बंद कर, असं म्हणाला. मी बंद केले." त्यानं मान खाली घातली. "पण त्याच्याआधी मी त्याला ओळख पटवायला लावली. परका नंबर होता ना. रस्त्यात पडलेल्या माणसाला मी प्रश्न विचारत बसलो, वहिनी. नियमच तसा. त्यानंच केलेला."

लेकीनं त्याला दोष दिला नाही. उलट चहा गरम करून दिला. पण तो गेल्यावर दार लावून तिथेच उभी राहिली.

"मला एक वाक्य," ती म्हणाली, "आणि ऑफिसला एवढा वेळ. आई, तो माझ्यावर रागावून गेला. मी कापला म्हणून परत लावलाच नाही त्यानं."

मी म्हटलं, तो रागावणारा नव्हता. ती म्हणाली, "मरताना कोण कसं असतं, तुला काय माहीत?" ते खरं होतं. मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो नव्हता.

त्यानंतर तिला एक नवीच खोड लागली. कोणाचाही फोन येवो, ती उचलायची आणि शेवटपर्यंत ऐकायची. विमा विकणारी पोरगी, गाद्या विकणारा, चुकीचा नंबर लावून शिव्या देणारा म्हातारा, सगळ्यांचं. बँकेतून बोलतोय म्हणणारे भामटेसुद्धा. त्यांना ती काही सांगायची नाही, फक्त "हो, हो, बोला" म्हणत राहायची. शेवटी भामटेच कंटाळून फोन ठेवायचे. नात म्हणायची, "आई, बाबांनी कट करायला सांगितलंय ना?" लेक तिला जवळ घ्यायची, पण फोन कानाचा काढायची नाही. मशीनवरचं काम मागे पडलं. गिऱ्हाइकं कपडे परत न्यायला लागली. मी कितीदा म्हटलं, चार दिवस फोन माझ्याकडे दे. नाही म्हणाली.

तो परका नंबर तिच्या फोनात तसाच होता. तिनं तो पुसला नव्हता आणि त्यावर फोनही केला नव्हता. कधीकधी नुसती उघडून बघत बसायची. मला वाटायचं, हिला तिकडून उत्तर हवंय आणि उत्तराचीच भीती वाटतेय. रागावून शिवी घालून गेला असं कळलं तर? मग काय करायचं राहिलेल्या जन्माचं?

एका दुपारी नात शाळेत गेल्यावर तिनं समोरचं कापड बाजूला सारलं. "आई, इथे बस," म्हणाली. फोन मध्ये ठेवला, स्पीकर लावला आणि तोच नंबर दाबला.

लगेच उचलला. मागे इंजिनाचा आवाज. "बोला, ताई."

लेक दचकली. "तुम्ही मला ओळखता?"

"तुमचा नंबर आहे ना माझ्याकडे. मी ट्रक चालवतो. त्या दिवशी त्यांना मीच बघितलं, ॲम्ब्युलन्स मीच बोलावली. कितीदा वाटलं, आपण लावावा. धीर नाही झाला, ताई. थांबा, गाडी बाजूला घेतो."

इंजिन बंद झालं. लेकीनं माझा हात धरला. तिची नखं मला लागत होती.

"मी फोन कापला," ती म्हणाली, "तेव्हा ते काय म्हणाले?"

"हसले."

"खोटं सांगू नका. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

"मी कशाला खोटं सांगू? उलट मीच चिडलो होतो. राग मानू नका हं, पण मी म्हटलं, काय बाई आहे, नवरा रस्त्यात पडलाय आणि फोन ठेवते! तर मलाच दटावलं. म्हणाले, तिला काही बोलायचं नाही, मीच शिकवलंय तिला तसं. आणि इतक्या ऐटीत म्हणाले की मला कळेचना. धड उठताही न येणारा माणूस, आणि बायकोनं फोन ठेवला म्हणून खूश?"

लेकीचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नाही.

"मी म्हटलं, परत लावू का?" ट्रकवाला सांगत होता. "तर नको म्हणाले. माझ्या नंबरावरून कितीही वेळा लावला तरी ती ऐकणार नाही, उगाच घाबरेल. म्हणाले, ऑफिसात माझा दोस्त बसलाय, त्याचा नंबर तिच्याकडे आहे, त्याचं ती ऐकते. त्याला सांगतो, तो तिला सांगेल. म्हणून ऑफिसला लावला, ताई. तुमच्याचसाठी लावला होता."

"मग लगेच का नाही सांगितलं त्याला?" लेक रडत होती, पण तिचा आवाज चढला होता, जसा स्वयंपाकघरात भांडताना चढायचा. "बॅग कशाला? फोन कशाला? आधी मला कळवायचं ना!"

"ते मला काय ठाऊक, ताई," तो बिचारा म्हणाला. "मला वाटतं, सवयीचे होते ते."

लेकीला त्यानं किती बरं वाटलं आणि किती नाही, ते मी सांगू शकत नाही. त्या संध्याकाळी गाद्यावाल्याचा फोन आला तेव्हा तिनं त्याला "नको" म्हटलं आणि ठेवला, एवढं मी पाहिलं.

त्या ऑफिसच्या फोनवर काय झालं ते आता मला दोन्हीकडून माहीत आहे, थोडं जोडीदाराकडून, त्याला त्या दिवशी सगळं सांगवलं नव्हतं, आणि थोडं ट्रकवाल्याकडून. तो रस्त्याच्या कडेला दगडाला टेकून बसला होता. ट्रकवाल्यानं आपला पंचा त्याच्या डोक्यावर धरला होता, ऊन लागू नये म्हणून. जोडीदारानं विचारलं, कर्मचारी क्रमांक? त्यानं सांगितला. काल पाळी संपताना शेवटची कुठली ओळ बंद केलीस? तीही सांगितली, मध्ये एकदा दम घेऊन. मग जोडीदाराचा आवाज बदलला, "अरे, लागलंय किती तुला?" तर हा म्हणाला, "ॲम्ब्युलन्स येतेय. बॅग माझ्यापासून लांब पडलीय, मला तिथवर जाता येत नाही. लॅपटॉप बंद कर, फोन बंद कर, माझ्या सगळ्या किल्ल्या काढून घे. मग लगेच घरी कळव, तुझ्या नंबरावरून. माझ्या आवाजावर ती विश्वास ठेवणार नाही."

जोडीदारानं बटणं दाबली. "झालं," म्हणाला.

"परत बघ."

त्यानं परत बघितलं. बंद होतं.

"कारण लिही. अपघात, फोन हरवला. माझं नाव घाल." मग त्यानं तो फोन ठेवला, ट्रकवाल्याच्या फोनातून ऑफिसचा तेवढा नंबर पुसून टाकला, खरंच पुसला गेलाय का ते एकदा उघडून बघितलं, आणि फोन त्याच्या हातात परत दिला.